मागच्या दाराची साखळी

१२ सप्टेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाली, रक्तातली साखर वाढलीय, रोज काय खाता आणि किती झोपता ते लिहून आणा. मी म्हटलं, चौथीत शाळा सुटली माझी, हात लिहायला वळत नाही. ती म्हणाली, वळवा. पोरीने कामावरून येताना ही वही आणली. वर फुलपाखरू. माझ्या वयाला फुलपाखरू!

सकाळी चहा बिनसाखरेचा, दोन पाव. दुपारी अंडं-पाव. रात्री भात. झोप बरी.

एवढ्यात झालं? पान तर सगळं कोरं राहिलं. कोरं पान सोडायचं म्हणजे लादी पुसताना कोपरा सोडण्यासारखं. उद्यापासून काहीतरी भरत जाईन.

१५ सप्टेंबर

आज कामावर बोलणी खाल्ली. ती खाण्यात धरायची का, डॉक्टरणीला विचारायला हवं.

मी गाण्याच्या हॉलवर आहे. लोकांना वाटतं गाते. संडास धुते. पूर्वी ते कागदाचं गोदाम होतं, आता तिथे काही पोरं वाजवतात आणि बाकीची उड्या मारतात. पुढून यायला एकच वाट, तिकीट फाडायच्या बोळातून. मागे संडास, आणि संडासासमोर एक लोखंडी दार, ते मागच्या गल्लीत उघडतं. गोदाम होतं तेव्हा तिथून गठ्ठे चढवायचे. त्या दाराला आतून नुसती कडी. एकजण तिकीट काढून येतो, संडासाला जातो म्हणून मागे येतो, कडी काढतो, की गल्लीतून त्याचं सगळं खानदान आत. मी लादी पुसत असते, तिच्यावर पाय देऊन जातात वर.

साहेब म्हणाले, "मावशी, तुमच्या नाकासमोरून घुसतात आणि तुम्ही काय करता?"

मी म्हटलं, "मला झाडू दिलाय. बंदूक द्या, मग बघते."

पैलवान खी खी हसला. पैलवान म्हणजे पुढच्या दारावरचा गडी. नुसता देह. साहेब हसले नाहीत.

२१ सप्टेंबर

साहेबांनी त्या दाराला बाहेरून कुलूप लावलं. पोरांनी दगडाने तोडलं. दुसरं लावलं, तेही तोडलं, आणि तुटकं कुलूप माझ्या बेसिनमध्ये आणून ठेवलं. बेसिनचा टवका उडाला.

शेवटी मीच म्हटलं, "साहेब, कुलूप बाहेर दाखवताच कशाला? आतून साखळी घाला, दोन्ही कड्यांतून ओवून. कुलूप आत, किल्ली माझ्याकडे. बाहेरच्याला दिसणारच नाही तर तोडेल काय? आणि आतल्याला काढता येणार नाही."

साहेब बघतच राहिले. मग सगळ्यांसमोर म्हणाले, "इतक्या दिवसांत तुमच्यापैकी एकाला सुचलं नाही. मावशींना डोकं आहे."

पैलवान दुपारी साखळी घेऊन आला. जहाज बांधून ठेवावं अशी जाड. मीच ओवली, मीच कुलूप घातलं, दोनदा हिसका दिला. हललं नाही.

घरी येऊन पोरीला सांगितलं. तिने मोबाइलमधून मान वर न करता "हं" केलं. असो. मला डोकं आहे असं आजवर कोणी म्हटलं नव्हतं. चहात अर्धा चमचा साखर घातली. लिहून ठेवते, लपवत नाही.

२९ सप्टेंबर

पोरगी चपलांच्या दुकानात दिवसभर लोकांचे पाय धरते आणि घरी आली की माझ्यावर पाय आपटते. आज मात्र नाचत आली. मागोमाग भिंगरी. भिंगरी ही तिची मैत्रीण, कुरिअरवाली. हाडं मोजून घ्यावीत एवढीशी, पण एका जागी उभी राहील तर शपथ.

"आई, 'उसनी साखर' येतायत! तुझ्या हॉलवर!"

मी म्हटलं, "डॉक्टरीण साखर बंद म्हणते आणि तुम्ही घरात साखर आणता."

'उसनी साखर' हे चार पोरांच्या टोळक्याचं नाव आहे. ही चौघं स्वतःच गाणी लिहितात, स्वतःच वाजवतात, टीव्हीवर वगैरे कुठे दिसत नाहीत. ह्या दोघी दोन वर्षं त्यांच्यामागे वेड्या आहेत. मी खूप दिवस कानाडोळा केला. मग एकदा भांडी घासताना एक गाणं नीट ऐकलं. भाड्याच्या खोलीतल्या पंख्याचं. तीनावर ठेवला तरी एकाच्या गतीने फिरतो, आणि तक्रार केली की मालक म्हणतो, "फिरतोय ना? मग झालं." मी घासता घासता थांबले. हा पंखा आमचाच. मालकही आमचाच. ह्या पोरांना कसं कळलं?

तेव्हापासून मीही ते गुणगुणते. दोघींना सांगितलेलं नाही. उगाच डोक्यावर बसतील.

४ ऑक्टोबर

तिकिटं संपली. पोरीला मिळालं, भिंगरीला नाही. कुरिअर वाटत होती, तिची वेळ येईपर्यंत सगळी खलास. आज ती माझ्या पायाशी येऊन बसली.

"मावशी, तुझ्याकडे मागचं दार आहे ना?"

"आहे. आणि त्याला कुलूप आहे."

"आणि किल्ली?"

"तीही आहे. आणि मला नोकरीही आहे, ती घालवायची नाहीये."

"मावशी, मी एकटीच. एवढीशी तर आहे. अर्धं दार पुरेल मला."

"मांजरालाही अर्धं पुरतं, म्हणून काय मांजराला नाटकाला नेतात?"

हसली. उठली नाही. मी पीठ मळत होते, तिने परात धरून ठेवली. म्हटलं, बघू. माझं "बघू" म्हणजे काय ते तिला माहीत आहे.

तिची आई शिंपीण. दोघीच असतात, मशीन आणि पलंग एका खोलीत. संध्याकाळी तिच्याकडे गेले होते, माझ्या कामाच्या एप्रनचा खिसा फाटलाय. "कामावरची किल्ली असते त्यात, पडता कामा नये," म्हटलं. तिने नवीन खिसा लावला, आत अस्तर, वर बटण. म्हणाली, "आता तुम्ही उलट्या लटकलात ताई, तरी पडायची नाही." पैसे घेतले नाहीत. माझी पोरगी तिच्याकडे जेवते, तिची माझ्याकडे, त्यात हिशोब कसला.

११ ऑक्टोबर

शनिवार. आज कार्यक्रम. सकाळी लवकर जाऊन संडास चकचकीत केले, आपली माणसं येणार म्हणून. ती चौघं दुपारीच आली. तबकड्या-ढोल बडवणारा पोरगा माझ्याकडे आला, "काकू, प्यायचं पाणी कुठेय?" मी दाखवलं. "आणि पंख्याचं गाणं कधी आहे?" विचारलं. तो असा हसला की त्याचा दात किडलेला दिसला. म्हणाला, "शेवटी. तुम्ही थांबा हं." जसं काही मी तिकीट काढून आलेय.

मधे घटकाभर घरी आलेय, पोरगी आरशासमोर बसलीय. चहा, पाव. बाकी रात्री लिहीन.

१७ ऑक्टोबर

भिंगरी गेली.

परवाही एवढंच लिहायला बसले होते, जमलं नाही. आज सगळं लिहून टाकते, म्हणजे डोक्यातून उतरेल.

हॉल गच्च होता. साहेबांनी तिकिटं संपल्यावरही पुढून माणसं सोडली होती, मी पाहिलं, पण ते त्यांचं काम. पहिलं गाणं सुरू झालं आणि मागच्या दारावर टकटक, मग थांबून टक. तिने सांगून ठेवलं होतं तशी. मी बटण काढलं, किल्ली काढली, साखळी सोडवली, दार हातभर उघडलं. भिंगरी आडवी होऊन आत. आईने शिवलेला निळा शर्ट, डोळ्यांत काजळ. "मावशी, तू देव आहेस."

मी म्हटलं, "देव संडास धूत नाही. पळ. आणि पुन्हा ह्या दाराशी दिसलीस तर तंगडं मोडीन."

तिने माझ्या गालाचा मुका घेतला आणि गर्दीत गेली. मी साखळी परत ओवली, कुलूप घातलं, हिसका दिला, किल्ली खिशात, बटण.

एवढी वर्षं मी हॉलवर आहे, पण गाणं नेहमी भिंतीतून ऐकलेलं. त्या दिवशी पहिल्यांदा खांबाशी उभी राहून बघितलं. भिंतीतून नुसता धपधप आवाज येतो. समोरून तो छातीत वाजतो. गाणारा पोरगा एवढा किरकोळ, पण सगळा हॉल त्याच्या तोंडाकडे बघत होता, तान्ही पोरं आईकडे बघतात तशी. आणि मग पंख्याचं गाणं. शेवटी म्हणाला होता, पण मधेच घेतलं. "फिरतोय ना? मग झालं", सगळे एकदम, छप्पर उडेल असं. माझ्या पोरीने भिंगरीला खांद्यावर घेतलं होतं. भिंगरीने वरून मला पाहिलं, दोन्ही हात हलवले, माझ्याकडे बोट दाखवून ओरडली काहीतरी. मीही म्हणत होते गाणं. झाडू हातात घेऊन पायही हलत होते माझे. कोणी बघितलं नसावं.

तेवढ्यात साहेबांनी बोलावलं. पुढच्या बोळात कोणीतरी ओकलं होतं. मी विचारलं, "मागे कोण थांबणार?" साहेब म्हणाले, "कुलूप आहे ना? मग कोणी कशाला?"

मी बोळात पुसत होते तेव्हा दिवे गेले. आधी वास आला, प्लास्टिकचा. स्टेजमागच्या पडद्याने पेट घेतला होता, हे नंतर कळलं. मग आतून माणसं आली. आली म्हणजे चालत नाही, नळ फुटल्यासारखी. मी झाडू-बादलीसकट रस्त्यावर फेकली गेले. कोण कोणाच्या अंगावर पडत होतं काही कळत नव्हतं. मग माझी पोरगी दिसली, एका पायात चप्पल. मी तिला चाचपून बघितली, धड होती. म्हटलं, "भिंगरी?" तिने मागे हात केला.

मी धावले. सगळ्या इमारतीला वळसा घालून मागच्या गल्लीत. किल्ली हातात घेऊनच धावत होते. दाराशी पोचले आणि बघितलं तर बाहेरून काहीच नाही. नुसता लोखंडाचा पत्रा. कुलूप आत. आतून ठोकत होते. मी झाडूच्या दांड्याने बाहेरून ठोकलं, दांडा तुटला. मग हातांनी. लोखंड तापायला लागलं होतं. बंबवाले पुढच्या बाजूला होते, मी ओरडले ते त्यांना ऐकू गेलं नाही. मग आतलं ठोकणं थांबलं.

तिघं गेली. तिघंही त्या दाराशीच सापडली.

मला एकच कळत नाही. पुढचं दार सताड उघडं होतं. बाकी सगळे तिथूनच बाहेर आले. मग हीच तिघं मागे का पळाली? दुसऱ्या दोघांचं सोडा, भिंगरीला तर अक्कल होती. रडू येतं ते येतं, पण राहून राहून तिचा रागही येतो.

२० ऑक्टोबर

साहेब घरी आले होते. संत्री आणली. आमच्या खोलीत ती एक धड खुर्ची, तिच्यावर बसवलं. पोरगी शिंपिणीकडे होती, ती आता रोज तिथेच असते.

साहेब म्हणाले, "मावशी, पुढच्या आठवड्यात माझ्या दुसऱ्या जागेवर या. तुम्हाला काही मी उघड्यावर टाकणार नाही." मग म्हणाले, "चौकशीवाले बोलावतील. साधं आहे. ते दार वर्षानुवर्षं गंजलेलं. कधी उघडलंच नव्हतं. साखळी वगैरे काही नव्हती."

"होती की. मीच ओवली."

"आता नाहीये तिथे."

"कोणी काढली? कुलूप तोडून?"

"मावशी, नाहीये म्हणतोय ना. आणि साखळी कोणाच्या डोक्यातून निघाली हे मी कोणाला सांगणार नाही. माझ्यावर विश्वास ठेवा."

मला बरं वाटलं. माणूस जाण ठेवून आहे. दुसरा असता तर पहिल्या दिवशी माझं नाव सांगून मोकळा झाला असता.

जाताना म्हणाले, "किल्ली?" मी म्हटलं, "गर्दीत पडली." एप्रन त्यांच्याच पाठीमागे खिळ्याला होता, बटण लावलेलं. का खोटं बोलले माहीत नाही. तोंडातून आलं.

पोरगी रात्री खोलीचं दार उघडं टाकून झोपते. मी उठून लावते, ती उठून उघडते. शेवटी मी ओरडले, "चोर येतील!" ती म्हणाली, "येऊ देत."

२४ ऑक्टोबर

चौकशीला जाऊन आले. मोठी कचेरी, पण पंखा आमच्यासारखाच. टेबलामागे बाई होती, चष्मा डोक्यावर. "मागचं दार उघडायचं का कधी?" "नाही, गंजलेलं होतं." "कुलूप, साखळी?" "नव्हती." "तुम्ही त्या वेळी कुठे होता?" "पुढे, पुसत होते." तिने लिहिलं, मी सही केली. सही वाकडीतिकडी आली, बाकी सगळं ठीक झालं. साहेबांनी सांगितलं तसंच बोलले, एक शब्द इकडे तिकडे नाही.

बाहेर बाकावर शिंपीण बसली होती. तिलाही बोलावलं होतं. मला बघून सरकली, जागा केली. हातात भिंगरीचा ओळखपत्राचा पट्टा, तोच गुंडाळायची आणि सोडायची.

म्हणाली, "ताई, तुम्ही तिथल्या आहात म्हणून विचारते. सगळे उघड्या दाराकडे गेले. माझीच बंद दाराकडे का गेली हो?"

मी म्हटलं, "माणूस घाबरलं की कुठेही पळतं."

"ती घाबरणारी नव्हती," शिंपीण म्हणाली.

घरी येऊन चहात दोन चमचे साखर घातली. प्यायले नाही.

२८ ऑक्टोबर

पोरगी आज दुपारीच कामावरून आली. दारातच उभी राहिली, चप्पलही काढली नाही.

"चौकशीवालीने मावशीला काय सांगितलं माहितीय?" मावशी म्हणजे शिंपीण. "म्हणे तुमच्या मुलीकडे तिकीट नव्हतं. म्हणे मागचं दार तर वर्षानुवर्षं बंद, तिथली बाईच सांगते. म्हणजे तुमच्या मुलीने ते बाहेरून उचकटलं, म्हणून ते अडकलं. त्या दोघांच्या घरचे येऊन मावशीला वाटेल ते बोलून गेले, आई. तुमच्या पोरीने आमची मुलं मारली म्हणाले. मावशीने खिडकी लावून घेतलीय."

मी गॅस बंद केला.

"तिथली बाई म्हणजे कोण?"

मी म्हटलं, "साहेबांनी सांगितलं तसं..."

"तिला आत कोणी घेतलं?"

"मी."

"कुठून?"

"तुला माहितीय कुठून."

"तुझ्या तोंडाने सांग."

"मागच्या दाराने."

ती खाली बसली, उंबऱ्यातच. मग बोलली, माझ्याकडे न बघता. "धूर झाला तेव्हा मी पुढे निघाले होते. तिने माझा हात धरला. म्हणाली, तिकडे नको, चेंगरशील, इकडून चल, मावशीचं, म्हणजे तुझं, दार जवळ आहे. शेजारच्या दोघांनाही ओरडली, इकडे या, इकडे दार आहे, मी आत्ताच तिथून आले. मग गर्दीने आमचा हात सोडवला."

मी मोरीवर जाऊन नळ बंद केला.

"आई, तिला घेतल्यावर परत कुलूप का लावलंस?"

"लावायचं असतं म्हणून."

"ती साखळी. तू सांगत होतीस मला मागे, मी लक्ष दिलं नाही. कोणाच्या डोक्यातून निघाली होती?"

सांगितलं नसतं तरी चाललं असतं. तिने पुन्हा विचारलं नसतं. मी म्हटलं, "माझ्या."

तिने पिशवीत दोन कपडे भरले. "कुठे चाललीस?" "मावशीकडे." "तिला सांगणार?" दारातून वळली. म्हणाली, "मी नाही सांगणार. ते तुझं आहे."

दार उघडं टाकून गेली. मी लावलं नाही.

३० ऑक्टोबर

साहेबाच्या दुसऱ्या जागेवर गेले. नवीन संडास, नवीन बादली. काम झाल्यावर सगळी जागा बघून घेतली. इथेही मागे एक दार आहे. दाराला तीच साखळी. मी ओळखली, एका कडीला रंग उडालेला आहे, आणि काजळी पुसूनही सांध्यात राहिलीय.

मी साहेबाला म्हटलं, "ही इथे कशाला?"

साहेब म्हणाला, "इथेही घुसतात, मावशी. आणि युक्ती तर तुमचीच."

वर हसला. मी बादली तिथेच ठेवली आणि निघून आले. मागून ओरडला, "बोललात तर आधी तुम्हीच अडकाल, लक्षात ठेवा." लक्षात ठेवण्यासारखं माझ्याकडे आता दुसरं काही नाही.

१ नोव्हेंबर

शिंपिणीकडे गेले. खिडकी बंदच होती. मशीनवर कोणाचा तरी परकर अर्धा शिवलेला. पोरगी पलंगावर बसून बटणं निवडत होती, मला बघून निवडतच राहिली.

काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं, सगळं विसरले. एप्रन नेला होता. तो मशीनवर ठेवला. बटण काढलं, किल्ली काढून परकरावर ठेवली.

"ही कशाची?" शिंपीण म्हणाली.

"मागच्या दाराची."

सगळं सांगितलं. साखळी माझ्या डोक्यातली, हे आधी. मग टकटक, मग टक. मग कुलूप परत लावलं ते. मग साहेब, संत्री, सही. साखळी आता कुठे आहे तेही. दार तिने उचकटलं नाही, मी उघडलं, मी लावलं. ती मागे पळाली नाही, ती माझ्याकडे आली होती.

वाटलं होतं ती अंगावर येईल. आली असती तर बरं झालं असतं. तिने एप्रन ओढून घेतला, खिसा उलटा केला, शिवण बघितली. टाके सगळे जागच्या जागी होते.

"अस्तर मी लावलं होतं," म्हणाली. "पडू नये म्हणून."

"हो."

"ठोकत होती?"

पोरीचा हात थांबला. नाही म्हणता आलं असतं. धुराने लगेच शुद्ध गेली असेल, असं काहीतरी. लोक म्हणतात तसं.

"हो."

"किती वेळ?"

"एक गाणं होईल एवढा."

तिने मान हलवली. मशीनचं चाक हाताने फिरवायला लागली, दोरा नव्हता सुईत, नुसतीच सुई वर-खाली. मग म्हणाली, "किल्ली घ्या आणि जा ताई. मला तुम्हाला बघवत नाही."

मी दारापर्यंत आले तेव्हा म्हणाली, "कचेरी उद्या बंद असेल. परवा मी येणार आहे. त्या बाईसमोर हेच बोलायचं. असंच. ह्याच क्रमाने."

३ नोव्हेंबर

वही बरोबर आणलीय. कचेरी अजून उघडलेली नाही, शिपाई आत झाडतोय. कोपरे सोडतोय.

किल्ली खिशात आहे. आत गेल्यावर बाहेर कधी येईन, माहीत नाही. येईन की नाही तेही विचारलेलं नाही. डॉक्टरणीची आज तारीख होती. तिला दाखवायला ह्या वहीत खाण्याचं काहीच राहिलं नाही.

पोरगी रस्त्याच्या पलीकडे उभी आहे, खांबाला टेकून. इकडे येत नाही, पण जातही नाही.

मी पायरीवर बसलेय. शिंपीण आली. दुसऱ्या पायऱ्या रिकाम्या होत्या, तरी ह्याच पायरीवर बसली, भिंतीच्या कडेला. आमच्यामध्ये एका माणसाची जागा ठेवलीय तिने. एवढ्याशा माणसाची. येणारे-जाणारे बघतात आणि उभेच राहतात, तिथे कोणी बसत नाही.

शिपायाने आतून कडी काढली.